तिसरं पान

चेन्नईला जाऊन आलेले लोक समुद्राबद्दल बोलतात, देवळांच्या गोपुरांबद्दल बोलतात, आणलेल्या साड्या उलगडून दाखवतात. मी जेमतेम तीन दिवस तिथे होते आणि समुद्र पाहिला नाही. गोपुरं पाहिली ती धावत्या शेअर रिक्षातून, आणि साडी घेण्याचा प्रश्नच नव्हता. मी पाहिलं ते एक तळं, एक विद्यापीठ आणि त्या विद्यापीठाच्या दुसऱ्या मजल्यावरचा एक व्हरांडा. संशोधनाच्या नोकरीसाठी तिकडे जायचं ज्यांच्या मनात आहे, त्यांना हे वर्णन उपयोगी पडेल. बाकीच्यांनी समुद्र दुसऱ्या कुणाच्या लेखात पाहावा.

मी जळगावच्या एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवते, तासिका तत्त्वावर. म्हणजे जेवढे तास शिकवले तेवढ्यांचं मानधन, तेही सरकारला आठवण झाली की. उन्हाळ्यात काही नाही आणि जून आला की पुन्हा नवीन अर्ज, जणू आपण कालपर्यंत तिथे नव्हतोच. माझी पीएचडी शेवाळावर आहे. हे सांगितलं की नातेवाईक गालातल्या गालात हसतात. एका मामांनी भर लग्नात विचारलं होतं, ‘‘अगं मनीषा, ते घासून काढायला एवढी वर्षं कशाला लागली?’’ मीही हसले. पण मला शेवाळ मनापासून आवडतं. गढूळ पाण्याचा एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवावा आणि त्यात मण्यांच्या माळा, चंद्रकोरी, हिरवे गोळे तरंगताना दिसावेत, यासारखं सुख मला दुसऱ्या कशात मिळालेलं नाही. पीएचडी झाल्यापासून ते सुख बंद आहे. आमच्या महाविद्यालयातले सूक्ष्मदर्शक कपाटात असतात आणि प्रात्यक्षिक परीक्षेच्या दिवशीच बाहेर निघतात.

अशात चेन्नईच्या एका विद्यापीठाची जाहिरात दिसली. शहरातल्या तळ्यांमधलं शेवाळ, असा प्रकल्प. रिसर्च असोसिएटची एक जागा, तीन वर्षांसाठी. ती मला समोर बसवून लिहिल्यासारखी होती. फक्त एक अट होती, वय पस्तिशीच्या आत हवं. मला पस्तीस पूर्ण व्हायला थोडेच महिने राहिले होते. या असल्या सगळ्या जागांना हीच अट असते, तेव्हा ही गेली की दार बंद, हे मला पक्कं ठाऊक होतं. अर्ज केला. बरेच दिवस काहीच उत्तर आलं नाही. मी नाद सोडून दिला.

मग एका सोमवारी वर्गातून बाहेर पडतापडता फोन आला. विद्यापीठाच्या कार्यालयातले सेल्वम नावाचे गृहस्थ होते. अर्धं हिंदी, अर्धं इंग्रजी. ‘‘मॅडम, गुरुवारी मुलाखत आहे. कसंही करून या. प्रोफेसर तुमच्या प्रोफाइलमध्ये फार इंटरेस्टेड आहेत.’’ कसंही करून या, हे ते पुन्हापुन्हा म्हणाले. आजवर एकाही विद्यापीठातून मला कुणी फोन करून बोलावलं नव्हतं. आईला सांगितलं तर तिने संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला सांगून टाकलं. तत्काळमध्ये तिकीट काढलं, प्रमाणपत्रांची फाइल घेतली, आणि ज्यांच्याकडे उतरायचं होतं त्यांच्यासाठी पिशवीभर भरताची वांगी घेतली. जळगावहून कुणाकडे रिकाम्या हाताने जायचं नसतं.

वेलचेरी

माझा मावसभाऊ पूर्वी चेन्नईत नोकरीला होता तेव्हा वेलचेरीला सुगुणाबाईंच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहायचा. त्याने त्यांना फोन करून माझी सोय लावली होती. सुगुणाबाई निवृत्त शिक्षिका, सत्तरीच्या. घराणं तंजावरच्या मराठ्यांच्या काळात तिकडे गेलेलं आणि तिकडचंच झालेलं. घरात मराठी बोलतात, पण त्या मराठीला तमिळचा हेल आहे आणि तिच्यात आपल्या पणजीच्या तोंडी शोभतील असे शब्द आहेत. हिशेब आणि भांडण मात्र तमिळमध्ये.

बुधवारी सकाळी मी वांग्यांची पिशवी घेऊन त्यांच्या दारात उभी राहिले. आतून तुपाचा आणि धुराचा वास येत होता. सुगुणाबाई ओलेत्या, नऊवारी नेसलेल्या, मला बघून दोन पावलं मागे सरकल्या.

‘‘अय्यो, आज आलांत? आज आमच्या घरांत ह्यांची तिथि. तुमच्या भावास मीं सांगितलें होतें, बुधवारीं नको, गुरुवारीं या म्हणून. सांगितलें नै आ?’’

भावाने अर्थातच सांगितलं नव्हतं. मुलाखतच गुरुवारी असल्यामुळे सांगून फारसा फरक पडला नसता, पण निदान मी अवघडले नसते. श्राद्धाच्या घरात परकी बाई, प्रवासाने मळलेली, हातात वांगी. त्यांनी पिशवीला हात लावला नाही. बोटाने आतली खोली दाखवली. ‘‘तिकडे बसा. न्हाणी तिथेंच आहे. ब्राह्मण जेवून गेले कीं तुमचें पान.’’

अंघोळ करून मी त्या खोलीत बसून राहिले, पोटात कावळे ओरडत होते आणि पडद्याच्या फटीतून बाहेरचं सगळं दिसत होतं. दिवाणखान्यातला सोफा भिंतीला सरकवून केळीची तीन पानं मांडली होती. सुगुणाबाईंचा मुलगा मुरली, एरवी पेरुंगुडीच्या कंपनीत संगणकावर बसणारा, धोतर नेसून घामाघूम झाला होता. भटजींनी, तिकडे त्यांना वाध्यार म्हणतात, दोनच ब्राह्मण आणले होते. तिसरा दुसऱ्या एका घरी अडकला होता. त्यावरून तमिळमध्ये थोडी बोलाचाली झाली. मग वाध्यारांनी दर्भाची एक जुडी घेतली, तिला गाठ मारली आणि तिसऱ्या पाटावर उभी करून ठेवली. मंत्र म्हटले, तिच्यावर पाणी शिंपडलं, आणि तोच तिसरा ब्राह्मण समजून काम पुढे सुरू झालं. तिच्यासमोरही भात वाढला, वडे वाढले, तिळाचा लाडू वाढला. मला गंमत वाटली. आमच्याकडेही असं करतात म्हणे, पण मी कधी पाहिलं नव्हतं.

दुपार बरीच उलटल्यावर मला पान मिळालं. उडदाचे वडे, पायसम, आल्याची चटणी, साधाच पण तोंडाला पाणी सुटेल असा स्वयंपाक. संध्याकाळी घर मोकळं झाल्यावर सुगुणाबाई बोलत्या झाल्या. मी कशासाठी आले ते विचारलं. प्रोफेसरांनी आपण होऊन फोन करवला, हे मी त्यांना सांगितलं, कदाचित दोनदा सांगितलं.

‘‘मग तें काम तुमचेंच कीं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘इकडे खोली बघूं. वरची खोली मार्गशीर्षांत रिकामी होते.’’

मी वर जाऊन ती खोली बघूनही आले. खिडकीतून वेलचेरीचं तळं दिसत होतं. खाली पार्किंगच्या खांबावर माझ्या खांद्याएवढ्या उंचीवर एक मळकट रेघ होती. पुराचं पाणी तिथवर आलं होतं, मुरली म्हणाला, आणि इतक्या सहजपणे म्हणाला जसं आम्ही आज नळाला पाणी आलं नाही म्हणतो. आमच्याकडे पाणी काही दिवसांआड येतं आणि यांच्याकडे ते जिना चढून येतं. त्या रात्री मला खूप दिवसांनी गाढ झोप लागली.

पेरुंगुडीच्या पुढे

विद्यापीठाचं नाव सांगत नाही. पेरुंगुडी मागे टाकून रस्ता समुद्राकडे जायचा विचार करू लागतो तिथे कुठेतरी ते आहे. काचेच्या भिंतींच्या कंपन्यांच्या रांगेत एक जुनी पिवळी इमारत, आवारात करंजाची झाडं, आणि प्रयोगशाळेच्या दाराशी चपलांचा ढीग. तिकडे प्रयोगशाळेत चप्पल घालून जात नाहीत. आमच्याकडे प्रयोगशाळेत विद्यार्थी चप्पल काय, डबाही घेऊन जातात.

व्हरांड्यात कार्तिक नावाचा उंच, किडकिडीत मुलगा पुढे आला. मुलगा म्हणजे तिशीचा असेल. त्याने माझी फाइल आपल्या हातात घेतली, पाणी आणून दिलं, आणि मला सरळ ‘अक्का’ म्हणाला. तिकडे ताईला अक्का म्हणतात, आणि कुणालाही म्हणतात, पण सकाळी-सकाळी परक्या गावात कुणी ताई म्हटलं की बरं वाटतं. तो याच प्रकल्पावर आधीपासून काम करत होता. सिंधू नावाची आणखी एक मुलगी होती, याच प्रयोगशाळेत पीएचडी करणारी. उमेदवार आम्ही तिघंच.

सेल्वम हजेरीचा कागद घेऊन आले. फोनवरचा आवाज जाड होता, माणूस बारीक निघाला. त्यांनी पुकारलं, ‘‘सी. मनीषा!’’ मी इकडेतिकडे बघत राहिले. चौधरी हे आडनाव त्यांनी एका अक्षरात आटपून नावाच्या पुढे लावून टाकलं होतं. तिकडे आडनाव नसतंच, वडिलांच्या नावाचं एक अक्षर पुरतं. मी सही केली, सेल्वमनी कागदाकडे बघून समाधानाने मान डोलावली आणि म्हणाले, ‘‘थँक्यू मॅडम, थँक्यू. मुलाखत जेवणानंतर.’’

वेळ होता म्हणून कार्तिकने मला प्रयोगशाळा दाखवली. मी तिथे अक्षरशः हरखले. खिडकीपाशी ओळीने सूक्ष्मदर्शक, कुणीही कधीही डोळा लावावा असे. काचेच्या बाटल्यांत वेगवेगळ्या तळ्यांचं पाणी, प्रत्येकीवर चिठ्ठी. दर आठवड्याला कार्तिक स्वतः तळ्यात उतरून ते भरून आणायचा. ‘‘गुडघ्यापर्यंत गटार असतं, अक्का,’’ तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. भिंतीवर एक मोठं पोस्टर होतं, प्रोफेसरांच्या प्रसिद्ध झालेल्या निबंधातल्या चित्रांचं. त्यातल्या एका चित्राशी मी थबकले. वळसे घेतलेली हिरव्या मण्यांची माळ. खाली नाव लिहिलं होतं, अ‍ॅनाबिना. आता या जातीच्या माळेत एखादा मणी इतरांपेक्षा वेगळा असतो, फिकट आणि जाड कवचाचा. तो माळेच्या मध्येच कुठेतरी असेल तर ती अ‍ॅनाबिना. आणि माळेच्या टोकाला असेल तर ती वेगळी, तिला अ‍ॅनाबिनॉप्सिस म्हणतात. चित्रातले फिकट मणी टोकाला होते. मी काही बोलले नाही. पाहुणीने आल्याआल्या घरातली चूक काढू नये, एवढी समज मला आहे.

जेवायला आम्ही तिघं व्हरांड्याच्या टोकाला खाली बसलो. कार्तिकने आईने दिलेला डबा उघडला. लिंबाचा भात, दहीभात, ताकात मुरवून तळलेल्या मिरच्या. आम्ही सांडगी मिरच्या करतो तशाच, फक्त त्यांच्या जास्त खारट. त्याने निम्मा भात माझ्या झाकणात वाढला आणि मग फार मनापासून म्हणाला,

‘‘अक्का, रोम्ब थँक्स, खूप थँक्स. तुम्ही एवढ्या लांबून आलात. नाहीतर या महिन्याअखेर मी घरी बसलो असतो.’’

मला कळेना. ‘‘म्हणजे?’’

‘‘तीन उमेदवार बसले नाहीत तर मुलाखत धरत नाहीत ना. पुन्हा जाहिरात, पुन्हा फाइल दिल्लीला मंजुरीला. तोपर्यंत माझी नेमणुकीची ऑर्डर संपते. मी होतो, सिंधू होती, तिसरा आमचाच प्रभू बसणार होता. त्याला अचानक हैदराबादला नोकरी लागली, रविवारी गेला. मग सर म्हणाले, अर्जांतून कुणीतरी लांबचं बघा.’’

‘‘लांबचं का?’’ मी विचारलं.

उत्तर सिंधूने दिलं, घास चावत, अगदी सहज. ‘‘जवळचे लोक नंतर माहितीच्या अधिकारात अर्ज टाकतात. लांबचे येऊन जातात.’’

कार्तिकने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि त्याचा हात थांबला. ‘‘अक्का, तुम्हाला सरांनी सांगितलं नव्हतं? मला वाटलं, तुम्ही सरांच्या ओळखीच्या आहात.’’

‘‘मी तुमच्या सरांना अजून पाहिलेलंही नाही.’’

तो गोरामोरा झाला. मग तो हळूच म्हणाला, ‘‘मीपण बसलोय तिसरा. मदुराईला बसलो, कोइमतूरला बसलो. सगळे एकमेकांसाठी बसतात. तुमच्याकडे कधी लागलं तर मला फोन करा. खरंच येईन.’’

तो येईल, याबद्दल मला आजही शंका नाही. त्याच्यावर संतापायची माझी फार इच्छा होती आणि ते जमत नव्हतं, म्हणून मी आणखीच संतापले. झाकण खाली ठेवून मी उठले आणि जिना उतरून फाटकापर्यंत गेले.

फाटकाबाहेर एक म्हातारी टोपलीत सुंडल घेऊन बसली होती, उकडलेले हरभरे आणि वर खोबरं. समोरून वेलचेरीच्या शेअर रिक्षा जात होत्या. एक हात केला असता तर थांबली असती. आणि मी बसले असते तर वरचा सगळा खेळ मोडला असता. समिती उठली असती, फाइल परत दिल्लीला गेली असती, प्रोफेसरांना तोंड लपवावं लागलं असतं. आयुष्यात पहिल्यांदाच कुठल्यातरी विद्यापीठाचं माझ्यावाचून अडलं होतं. आईने गल्लीभर सांगितलेलं आठवलं, वरची खोली बघून आलेली आठवली, आणि माझ्या अंगाची लाही लाही झाली. एवढा अपमान मला तोंडावर नालायक म्हटल्यानेही वाटला नसता. मला नालायक म्हणायचीही तसदी कुणी घेतली नव्हती.

तरी मी परत वर गेले. कार्तिकची दया आली म्हणून गेले असं लिहिलं तर वाचणाऱ्याला बरं वाटेल, पण ते खोटं आहे. मी आशेने गेले. मला वाटलं, आपण इतकं चांगलं बोललो, इतकं चांगलं की त्यांना दुसरं काही करताच आलं नाही, तर?

समितीत तीन माणसं होती. मधे प्रोफेसर, पांढऱ्या मिशांचे, कपाळावर चंदनाची बारीक रेघ. एका बाजूला विद्यापीठाचे एक अधिकारी, ते सारा वेळ फोनकडे बघत होते. दुसऱ्या बाजूला बाहेरून आलेल्या तज्ज्ञ बाई, केरळच्या, साठीच्या, सुती साडीतल्या. त्यांना बहुधा इथली ठरलेली गोष्ट कुणी सांगितली नसावी, कारण त्यांनी खरोखरचे प्रश्न विचारले. नमुना कसा टिकवाल, पाण्यात सांडपाणी वाढलं तर आधी कुठलं शेवाळ नाहीसं होईल, कुठलं माजेल. मी बोलत गेले. मग त्यांनी मला कोपऱ्यातल्या सूक्ष्मदर्शकाकडे नेलं. ‘‘हे काय आहे?’’

मी डोळा लावला. किती वर्षांनी. वेलचेरीच्या तळ्यातलं पाणी आणि त्यात ती वळसेदार माळ, पोस्टरवरचीच. मी सगळं विसरले. व्हरांडा, झाकणातला भात, सगळं. ‘‘अ‍ॅनाबिनॉप्सिस,’’ मी म्हणाले. ‘‘फिकट मणी टोकाला आहेत.’’

प्रोफेसर खुर्चीतूनच म्हणाले, ‘‘ती अ‍ॅनाबिना आहे. आमच्या निबंधात आलेली आहे.’’

‘‘मग निबंधात चुकलंय, सर,’’ मी म्हणाले.

केरळच्या बाईंनी स्वतः डोळा लावला, भिंग फिरवलं, बराच वेळ पाहिलं. ‘‘तिचं बरोबर आहे,’’ त्या म्हणाल्या आणि चक्क हसल्या. अधिकाऱ्यांनी फोनमधून मान वर काढली. त्या क्षणी मला खात्रीच वाटली.

प्रोफेसरांनी पेनाचं टोपण लावलं. ‘‘तुम्हाला तमिळ येतं?’’

‘‘नाही, पण शिकेन.’’

‘‘या कामात तळ्याकाठच्या लोकांशी बोलावं लागतं. तमिळ आवश्यक आहे. धन्यवाद.’’

जाहिरातीत तमिळचा उल्लेख नव्हता. मी तसं म्हणाले. ते पुन्हा म्हणाले, ‘‘धन्यवाद.’’ केरळच्या बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या, काहीतरी बोलणारही होत्या, पण सेल्वमनी चहा आत आणला आणि ते राहून गेलं.

तासाभरात निकाल फलकावर लागला. निवड, एस. कार्तिक. प्रतीक्षा यादी, सी. मनीषा. सेल्वमनी माझं अभिनंदन केलं. ‘‘वेटिंग लिस्टमध्ये पहिला नंबर, मॅडम!’’ त्यात दुसरा नंबर नव्हताच.

कार्तिक मला रिक्षापर्यंत सोडायला आला. निवड झाली म्हणून आनंदावं की नको, हे त्याला कळत नव्हतं. मीही त्याला मदत केली नाही. रिक्षा सुटताना एवढंच म्हणाला, ‘‘पोस्टरचं मी बघतो, अक्का.’’

पुन्हा वेलचेरी

घरी आले तर सुगुणाबाई पान मांडून वाट बघत होत्या. श्राद्धाचं घर मोकळं झाल्यामुळे माझ्या वांग्यांना आता प्रवेश मिळाला होता. निखाऱ्यावर भाजून ज्यांचं भरीत करायचं, ती माझी जळगावची वांगी त्यांनी फोडी करून सांबारात घातली होती. एरवी मी या अधर्मावर लेक्चर दिलं असतं. सोबत त्यांनी डांगर केलं होतं, उडदाच्या पिठाचं, दह्यातलं. त्याला त्याही डांगरच म्हणतात. तो शब्द एवढ्या लांब, त्या हेलात ऐकला आणि मला रडू फुटलं.

‘‘तिखट लागलें आ?’’

मग मी सगळं सांगितलं. तिसऱ्या उमेदवाराचं, फोनचं, तमिळचं. त्यांनी मधे एकदाही अडवलं नाही.

‘‘पावम,’’ त्या म्हणाल्या. बिचारी, असं म्हणायचं असलं की तिकडे पावम म्हणतात. ‘‘काल तुम्हीं पाहिलें ना, तिसऱ्या पाटावर दर्भ बसविला. तसें तुम्हांस बसविलें त्यांनीं.’’

त्यांच्या बोलण्यात खोचक काही नव्हतं. शिक्षिकेने फळ्यावरची आकृती समजावून द्यावी तसं त्या बोलल्या. मला मात्र ते काळजात घुसलं. मी विचारलं, ‘‘त्या तिसऱ्या पानावर वाढलेलं असतं, त्याचं पुढे काय होतं?’’

‘‘गाईस घालावें. इकडे गाय कुठली? मुरलीनें गच्चीवर कावळ्यांस घातलें.’’ आणि त्यांनी माझ्या पानात आणखी भात वाढला. ‘‘तुम्ही जेवा. तुम्ही दर्भ नव्हे. तुम्हांस भूक आहे.’’

दुसऱ्या दिवशी गाडीची वेळ होईपर्यंत मी तळ्यावर जाऊन बसले. एका बाजूला जलपर्णी, एका बाजूला अपार्टमेंटांची गटारं, आणि मधल्या मोकळ्या पाण्यावर हिरव्या रंगाचा डबा सांडल्यासारखी साय. लोक नाक दाबून जात होते. मी पाण्याची बाटली रिकामी केली, ते हिरवं पाणी भरून घेतलं आणि झाकण घट्ट लावलं. गाडीच्या डब्यातल्या उकाड्यात भुसावळ येईपर्यंत ते कुजलं. बाटली मी फलाटावर टाकून दिली.

जळगाव

आई स्टेशनवर आली नव्हती, पण गल्लीतल्या लोकांनी विचारायचं ते विचारलंच. मी सांगितलं, ‘‘यादीत पहिलं नाव आहे.’’ हे खोटं नव्हतं.

काही आठवड्यांनी मला पस्तीस पूर्ण झाली. त्याच सुमारास कार्तिकने पोस्टरचा फोटो पाठवला. माळेखाली आता अ‍ॅनाबिनॉप्सिस असं लिहिलं होतं. प्रोफेसर त्यावर नवा निबंध लिहीत आहेत, असंही त्याने कळवलं. निबंधावर नावं कुणाची, ते त्याने लिहिलं नाही आणि मी विचारलं नाही.

जून उजाडला, तासिका तत्त्वाचा माझा अर्ज पुन्हा नव्याने झाला आणि मला पुन्हा नव्याने घेतलं. परवा मी वर्गात होते. तास सुरू व्हायचा होता, मुलं आत येत होती. फोन वाजला. जाड आवाज, ओळखीचा.

‘‘मॅडम, नमस्ते. नवीन प्रकल्प आलाय. पुढच्या आठवड्यात मुलाखत आहे. कसंही करून या. प्रोफेसर तुमच्या प्रोफाइलमध्ये फार इंटरेस्टेड आहेत.’’

‘‘माझं वय आता पस्तिशीच्या पुढे गेलंय,’’ मी म्हणाले.

‘‘ते नंतर बघतात, मॅडम. हजेरीला वयाची अट नाही.’’

मी दारापाशी गेले, मुलांना ऐकू जाऊ नये म्हणून. ‘‘सेल्वम सर, या वेळी मला घेणार का?’’

पलीकडे ते मोकळेपणाने हसले. ‘‘मॅडम, तुम्ही गंमत छान करता,’’ म्हणाले.

मी खरंच विचारलं होतं. ते तारीख सांगू लागले. माझ्या हातात खडू होता. मी ती फळ्याच्या कोपऱ्यात लिहून घेतली.